तांबड्या कळांचं खोकं आणि तुम्ही सगळे

मिरजेतल्या भंगाराच्या दुकानात ते मला किलोच्या भावानं मिळालं. नावाची पट्टी गायब, डबा पिवळा पडलेला, वरच्या रांगेत तांबड्या कळा.

सांगलीच्या बसमध्ये ते जड खोकं निम्मं स्वतःच्या मांडीवर घेणाऱ्या काकू, आभार. "टाइपरायटर हाय का?" या प्रश्नाला मी नीट उत्तर दिलं नाही. मलाच कुठं माहीत होतं!

गणपती पेठेत चहा पिताना कळा बघूनच "अहो, हा बीबीसी मायक्रो, शाळेतला जुना कॉम्प्युटर!" म्हणणारे निवृत्त मास्तर, तुमचेही. शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या 1984 च्या सरकारी 'क्लास' योजनेत अशी यंत्रं शाळांना मिळाली, हे तुमच्याकडूनच कळलं. 32 केबी मेमरीवर तुम्ही पोरांना बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवलंत.

सगळ्यात मोठं ऋण मात्र त्या टीव्ही मेकॅनिक दादांचं. मी उत्साहात वायर लावली, पाच मिनिटांत घरभर धूर. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "प्लग काढा, बाकी कशाला हात लावू नका." दोष पॉवर सप्लायमधल्या कागदी कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागाचा. त्याच्या कवचाला तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि तो पेटतो. तुम्ही एक्स-2 या सुरक्षित दर्जाचे दोन नवे बसवलेत, पैसे घेतले नाहीत. (चहा मात्र दोनदा घेतलात.)

परवा जुन्या टीव्हीला जोडलं. आधी लांब खर्जातला सूर, मग बारीक टीप. पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर 32के'.

मास्तर, एकदा घरी या. 'आर' कळ अजून अडकते.