हळदीचा पिवळा आणि ‘ऑटो’चा निळा

महोदय,

लग्नाचे चित्रीकरण आता घरातलेच कोणीतरी मोबाइलवर किंवा हँडीकॅमवर करते आणि लॅपटॉपवर जोडून नातेवाइकांना पाठवते. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत कॅमेऱ्यांच्या तुलना नेमाने येतात. चित्रीकरणानंतर रंग कसे दुरुस्त करायचे, यावर मात्र सहसा काही येत नाही. मग सरसकट एक फिल्टर चढवला जातो, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवले जाते आणि नवरी केशरी दिसू लागते. खरे तर सॅच्युरेशनचा नंबर शेवटचा. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते मुळात 50 असते. आधीची कामे नीट झाली असतील तर 55 च्या पुढे जायची वेळ क्वचितच येते.

सर्वांत फसवा प्रसंग हळदीचा. झेंडूच्या माळा, पिवळी साडी, माखलेला चेहरा असे चौकटभर पिवळे दिसले की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंग आपोआप जुळवणारी सोय) प्रकाशच पिवळा आहे असे धरून चित्र निळ्याकडे ढकलतो. कॅमेरा मागे घेतला, भिंत दिसली, की रंग पुन्हा सरकतो. संकलनात ‘ऑटो कलर’ दाबणे म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा करणे. अशा वेळी पाटाभोवतीची पांढरी रांगोळी शोधावी आणि व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (चित्रातला रंग टिपणारे साधन) तिच्यावर टेकवावा. नीळ घातलेले धोतर किंवा नवा कोरा सदरा यासाठी घेऊ नये. तो पांढरा मुळात निळसर असतो. त्याला प्रमाण मानले की सगळे चित्र पिवळे पडते. रांगोळी उन्हात जळून गेलेली, म्हणजे अति उजेडाने चित्रात निव्वळ पांढरी झालेली असेल तर तीही निरुपयोगी, कारण तिन्ही रंग कमाल पातळीला टेकल्यावर खरी झाक कळतच नाही. शॉट चालू असताना रंग सरकला असेल तर तो सरकायला लागतो तिथे एक आणि थांबतो तिथे एक असे दोन कीफ्रेम (दुरुस्ती कुठून कुठवर बदलायची त्या खुणा) द्यावेत.

डोळ्यांवर विसंबू नये, ते दोन मिनिटांत चुकीच्या रंगाला सरावतात. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही परेड हा आलेख आहे. त्यात लाल, हिरवा, निळा शेजारी शेजारी दिसतात. रंगदुरुस्तीची तीन चाके असतात: लिफ्ट गडद भागासाठी, गामा मधल्या उजेडासाठी, गेन उजळ भागासाठी. केसांसारख्या काळ्या भागाचे तिन्ही तळ लिफ्टने शून्याच्या किंचित वर एका रेषेत आणावेत, पांढऱ्याचे माथे गेनने (0 ते 1023 च्या मापावर) 900 ते 950 च्या आसपास जुळवावेत आणि मगच गामाने चेहरा उजळावा. ही तिन्ही चाके एकमेकांना हलवतात, त्यामुळे लिफ्टकडे पुन्हा एकदा फिरून यावेच लागते.

व्हेक्टरस्कोप या रंगांची दिशा दाखवणाऱ्या गोल आलेखावर लाल आणि पिवळ्याच्या मधोमध त्वचेची रेषा असते. गोरा असो वा सावळा, चेहरा तिच्याजवळच पडतो. फरक असतो तो मुख्यतः उजेडाचा. मात्र हळद लागलेला चेहरा ओढून त्या रेषेवर आणू नये, नाहीतर हळदच पुसली जाईल! त्याच उजेडात शेजारी बसलेल्या, हळद न लागलेल्या मावशींचा चेहरा रेषेवर आणावा आणि तीच दुरुस्ती नवरीच्या शॉटवर उतरवावी.

घरगुती एचडी फुटेज किती ताणता येते, यालाही मर्यादा आहे. ते बहुधा 8 बिटचे असते, म्हणजे प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या. शिवाय 1920×1080 च्या चित्रात रंगाची माहिती प्रत्यक्षात 960×540 एवढीच साठवलेली असते. म्हणून आकाश गडद करायला गेले की पट्टे दिसतात, फक्त लाल साडी निवडून रंग बदलला की काठावर चौकोन उमटतात. निवडीची कड थोडी मऊ करावी आणि अंधारा भाग उचलताना तिथले सॅच्युरेशन उतरवावे.

फुटेज धुतल्यासारखे दिसले म्हणून लगेच कॉन्ट्रास्ट वाढवू नये. काळा राखाडी दिसत असेल तर आधी क्लिपच्या गुणधर्मांत डेटा लेव्हल (काळ्या-पांढऱ्याच्या पातळ्यांची मर्यादा) ‘व्हिडिओ’ की ‘फुल’ ते तपासावे. नव्या आयफोनवर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारी सोय) सुरू असेल तर चित्रीकरण एचएलजी या एचडीआरच्या पद्धतीत होते. रिझॉल्व्हच्या कलर मॅनेजमेंटमध्ये त्या क्लिपची इनपुट कलर स्पेस ‘रेक. 2100 एचएलजी’ आणि आउटपुट ‘रेक. 709’ (नेहमीच्या एचडी पडद्याचे प्रमाण) ठेवली की बरेच काम आपोआप होते.

मांडवातल्या जांभळ्या-निळ्या एलईडी दिव्यांपुढे मात्र सॉफ्टवेअरचे फारसे चालत नाही. निळा चॅनल कमालीला टेकलेला असतो आणि चेहऱ्यावरचे बारकावे गेलेले असतात. ह्यू विरुद्ध सॅच्युरेशनच्या वक्रावर (एकेका रंगाचा भडकपणा वेगळा बदलणाऱ्या रेषेवर) निळा-जांभळा खाली ओढला की भगभगीतपणा कमी होतो, एवढेच. अंतरपाट दूर होण्याआधी मंडपवाल्याला सांगून वधूवरांवरचे रंगीत दिवे बंद करून साधे पांढरे लावून घेतले, तर संकलनातले कित्येक तास वाचतात.

— एक व्हिडिओ संकलक