बंड्या, तुझ्याच बॉलिंगवरचा तो कॅच

प्रिय बंड्या,

चार महिने ना फोन ना मेसेज, शिव्या घाल, तुझा हक्कच आहे. इकडे सगळे बरे, माझी शुगर आहे तशीच.

लिहायचं कारण ओम. रविवारी फायनलला लाँगऑनला सोपा कॅच सोडला आणि मॅच गेली, चार दिवस झाले पोरगं खोलीतून बाहेर येत नाही, बॅट कॉटखाली सरकवलीये. मी म्हटलं, होतं असं रे, तर म्हणतो बाबा तुम्हाला नाही कळणार. मला, तुझ्या बॉलिंगवर कॅच सोडणाऱ्याला! हसू नकोस.

म्हणून त्याला फ्रेड स्नॉडग्रासचं सांगायला बसलो. बेसबॉलवाला, न्यूयॉर्क जायंट्सचा सेंटर फील्डर. १९१२ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे त्यांची फायनल, बोस्टनचं फेनवे पार्क, शेवटची मॅच, दहावी इनिंग, जायंट्स एका रनने पुढे. बोस्टनच्या एंगलने उंच साधा बॉल मारला, ह्याच्या ग्लोव्हात आला आणि पडला. पुढच्या हूपरचा खरा अवघड फटका ह्यानेच धावत जाऊन पकडला, ते कोणाला आठवतंय! मग मॅथ्यूसनने, म्हणजे त्यांच्या बोलरने, एकाला फुकटात पहिल्या बेसवर सोडलं, स्पीकर नावाच्या बॅटरचा रेषेबाहेर उडालेला सोपा कॅच तिघांच्या मध्ये पडला (आपले नाना आणि पक्या आठव), त्याच स्पीकरने मग हिट मारून बरोबरी केली आणि गार्डनरच्या फटक्यावर ३-२ खलास. पण पेपरवाल्यांनी नाव ठेवलं एकट्याला, तीस हजार डॉलरचा कॅच! मॅनेजर मॅकग्रॉ मात्र ओरडला नाही, उलट पगार वाढवला.

इथवर ओम ऐकत होता. मग विचारतो, पुढे काय झालं त्याचं? १९१६ पर्यंत खेळला, कॅलिफोर्नियात गेला, ऑक्सनार्ड गावाचा मेयर झाला, एवढं सांगून मी थांबलो. कारण १९७४ ला ८६ व्या वर्षी तो गेला तर न्यूयॉर्क टाइम्सने मथळ्यातच १९१२ चा सुटलेला बॉल घातला. बासष्ट वर्षांनी रे! पोराने नंतर मोबाईलवर शोधलं असणार, रात्री ताटावरून तसाच उठला. माझंच चुकलं, भलतंच उदाहरण काढलं.

तू तरी काय वेगळा, दर गणपतीत माझा तो कॅच काढतोसच. आणि ऊन सरळ माझ्या डोळ्यावर होतं हे आजवर एकदाही कबूल केलं नाहीस.

वहिनींना प्रमोशन मिळालं म्हणे, अभिनंदन सांग. फ्लॅटचं पझेशन मिळालं का?

शनिवारी ओमला फोन कर. बोलर तू होतास, तूच सांग. आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस ते नको, नवव्या दिवशी शेंगदाण्याची पुडी घेऊन जिन्यात बसला होतास ते सांग. आणि उन्हाचंही.

तुझा,
सुन्या