टाचेमागची गाठ

ती. आई-बाबांना शि. सा. न.

फोनवर सांगणार होते. पण आई, तू लगेच डोळ्यांना पदर लावतेस आणि बाबा 'बरं, ठेवू का' म्हणतात. म्हणून लिहितेय.

माझा रिपोर्ट आला. एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, २१२. घाबरू नका, मी ठणठणीत आहे, गोळी सुरू केलीय. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं नंतर विचारलं. पहिला प्रश्न, "घरात कुणी कमी वयात हार्टने गेलंय?" अण्णाकाकांचं सांगितलं, आणि एकदम त्यांच्या टाचेमागची गाठ आठवली. चपलेने आली म्हणायचो ना आपण? तिथल्या जाड शिरेत (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी ती दोरीसारखी) कोलेस्टेरॉल साठूनही तशी गाठ येते म्हणे. बाबा, गणपतीत तुमच्या पाया पडले तेव्हा तुमच्या टाचेमागेही हाताला काहीतरी टणक लागलं होतं.

आई, एवढी वर्षं तू स्वतःच्या तुपाला आणि खोबऱ्याला दोष देत आलीस. बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच तयार करतं आणि रक्तातलं जादाचं उचलूनही तेच नेतं. आपल्या घराण्यात बहुतेक ही उचलण्याची सोयच अपुरी. कचरा सगळ्यांसारखाच, पण गल्लीत घंटागाड्या निम्म्या. म्हणून तर बाबा काडीसारखे असून, रोज देवळाच्या पायऱ्या चढून आकडा हलत नाही. एकाला असलं की प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. माझ्यात उतरलं, त्यात तुमचा काय दोष बाबा? तुमचं नाकही उतरलंय, ते मला आवडतं.

तूप अगदीच निर्दोष नाही हं. लिव्हरचं ते उचलणं तुपा-खोबऱ्याने आणखी मंदावतं. तरी तुमचा मेतकूट-भात मी काढून घेणार नाही. आजारी पडले की तूच भरवायचीस तो, आई, अजून तापात तोच आठवतो. वर तूप अर्धा चमचा, बस. चहाबरोबरची खारी मात्र बंद. दोघांचीही.

आणि बाबा, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडलीत ना? दादाने सांगितलं, त्याला रागावू नका. नॉर्मल आला तो गोळीमुळेच. सोडली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा जागेवर. डॉक्टरांना विचारून परत सुरू करायची.

न विचारता एक केलंय. शनिवारी सकाळी सातला रक्त घ्यायला माणूस येईल. विचारलं असतं तर 'बघू पावसाळ्यानंतर' हेच ऐकलं असतं. आईचं थायरॉइडही सांगितलंय. ते मंदावलं तरी कोलेस्टेरॉल चढतं, आणि तू हल्ली सारखी दमतेस. चिंगीचीही तपासणी करायची, वहिनीशी बोललेय.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, पैसे भरलेत. त्या माणसाला 'उद्या ये' म्हणून दारातून परत पाठवू नका.