पेंढीवाल्याचा बाप

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आलेल्या तुझ्या पत्राला आज, आषाढात, उत्तर लिहितो आहे. त्याबद्दल तू जे बोलशील ते मुकाट्याने ऐकून घेईन. माझी प्रकृती बरी आहे, साखर गोळ्यांनी आवरली आहे. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. परवा आमच्या कुलवृत्तांताच्या पहिल्या पानाचे मुद्रित मी तपासले, त्यावर सही केली, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर वसतिगृहात तू विचारलेला प्रश्न आठवला : "पोर एकटेच आले ना? मग त्याच्या बापाचे नाव कोणी सांगितले?"

त्या प्रश्नापायी मी तुझ्याशी दोन महिने अबोला धरला होता. 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्याच्या आरंभीच्या बावन्न ओळींचे भाषांतर मी ऐटीत वाचून दाखवत होतो, नाना आणि कुलकर्णी माना डोलावत होते, आणि तू मध्येच शेंगदाणे फोडत तो खडा टाकलास. डेन लोकांचा तो आद्य राजा शिल्ड शेफिंग, उत्तरेकडच्यांचा स्क्योल्ड. नावाचा अर्थ ढाल, आणि त्याच्या वंशजांना म्हणायचे स्क्योल्डुंग. कवी सांगतो की तो निराधार अवस्थेत सापडलेला पोरका मुलगा होता. पुढे समुद्रापलीकडचे शेजारीही त्याला खंडणी देऊ लागले. तो वारल्यावर लोकांनी त्याला गलबतात डोलकाठीपाशी निजवले, भोवती शस्त्रे, चिलखते आणि जडजवाहीर रचले, डोक्यावर उंच सोनेरी निशाण उभारले आणि गलबत समुद्रात सोडून दिले. कवी पुढे म्हणतो की ज्यांनी आरंभी त्याला एकट्याला, अजाण वयात लाटांवर सोडले होते, त्यांच्यापेक्षा यांनी काही कमी दिले नाही. रिकाम्या हातांनी आलेल्या पोराबद्दलचे हे वाक्य आहे! त्यातला आंबट विनोद मला तेव्हा कळला नाही. मी ते घसा दाटून वाचले होते आणि तू हसलास म्हणून चिडलो होतो.

तुझ्या प्रश्नाला मी तेव्हा व्याकरणाने उत्तर दिले होते. जुन्या इंग्रजीत नावापुढे 'इंग' लागले की 'अमक्याचा मुलगा' असा अर्थ होतो, म्हणून शेफिंग म्हणजे शेफचा मुलगा. पण 'शेफ' या शब्दाचा साधा अर्थ धान्याची पेंढी, आणि म्हणून 'शेफिंग' म्हणजे नुसता पेंढीवालाही असू शकेल, हे मी तुझ्यापासून लपवले होते. होय, लपवले होते. टीप मी वाचली होती. आता पेन्शनीत निघाल्यावर कबूल करायला हरकत नाही.

मौज अशी की बाराव्या शतकात माम्सबरीच्या विल्यम नावाच्या इंग्रज इतिहासकाराने ती पेंढी खरोखरच होडीत ठेवली. त्याच्याकडे होडीतून येणारे पोर शिल्ड नसून शेफ आहे. वल्हवणारा कोणी नाही, मूल झोपलेले, उशाशी धान्याची पेंढी. म्हणून लोकांनी त्याचे नावच शेफ ठेवले, काळजीने वाढवले, आणि मोठेपणी तो हेडेबी नगरात राज्य करू लागला. मला हे चित्र फार आवडते, पण त्यात झालेली हातचलाखी पाहा : शिल्डला बाप मिळाला आणि पोरकेपण एक पिढी मागे सरकले.

पुढे तर सगळ्यांनीच हात धुऊन घेतले. इंग्लंडमधल्या वेसेक्सच्या राजांनी आपली वंशावळ याच शेफपर्यंत नेली आणि अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात ८५५ सालच्या नोंदीखाली, काही प्रतींमध्ये, त्याला चक्क बायबलातल्या नोहाचा मुलगा करून प्रलयाच्या तारवात जन्माला घातले. म्हणजे होडी राहिली, फक्त मोठी झाली आणि आत बाप बसला! तिथून थेट आदामापर्यंत चढायला कितीसा वेळ लागणार? आइसलंडच्या स्नोरी या इतिहासकाराने तेराव्या शतकात स्क्योल्डला ओडिन देवाचा मुलगा केले, डेन्मार्कचे सीलंड बेट नांगराने ओढून आणणाऱ्या गेफ्यून देवीशी त्याचे लग्न लावले आणि दोघांचा संसार त्याच बेटावरच्या लायर इथे थाटून दिला. (त्या लायरला १९८०च्या दशकात सुमारे अठ्ठेचाळीस मीटर लांबीच्या जुन्या सभागृहाच्या खुणा खणून काढल्या, पण खांबांच्या खळग्यांवर मालकाचे नाव नसते.) डेन्मार्कचा इतिहासकार साक्सो मात्र देवांच्या नादी न लागता लोथर नावाच्या जुलमी राजाला स्क्योल्डचा बाप करतो, दान नावाच्या मूळपुरुषाला आजोबांच्या जागी बसवतो, आणि कोवळ्या वयाच्या स्क्योल्डकडून शिकारीत कमरपट्ट्याने अस्वल बांधून घेतो. शिवाय हा राजा लोकांची कर्जे स्वतःच्या खजिन्यातून फेडत असे, म्हणजे कर्जमाफीही जुनीच. कहर म्हणजे 'बेवुल्फ' काव्यालासुद्धा बाप चिकटवला गेला : कोपनहेगनमध्ये १८१५ साली थोर्केलिनने ते प्रथम छापले, तेव्हा शीर्षकात त्याला 'अँग्लो-सॅक्सन बोलीतले डॅनिश काव्य' म्हटले होते.

या साऱ्यांत मला एकच माणूस तुझ्या जातीचा वाटतो. दहाव्या शतकाच्या अखेरीचा इतिवृत्तकार एथेलवेअर्ड स्वतः वेसेक्सच्याच राजघराण्याचा वंशज होता, आणि लॅटिनमध्ये लिहिताना तो वंशावळ शेफपाशी आणून थांबवतो. एक होडी स्कानी बेटाला लागली, शस्त्रांच्या गराड्यात एक लहान मुलगा होता, तिथल्या लोकांना तो अनोळखी होता, बस. घरचाच माणूस असून त्याने नोहाचे तारू आपल्या दारात बांधले नाही.

आता माझे पाप ऐक. आमच्या मूळपुरुषाबद्दलचा मोडी कागद तूच पहिल्यांदा वाचून दिला होतास. 'बापाचे नांव ठावूक नाही, गुरांमागे आला, खोतांनी ठेवून घेतला.' एवढेच त्यात आहे. कुलसंमेलनात यावर तीन तास खल झाला. कोणी म्हणाले, गोत्र आहे तर बाप असणारच. कोणी म्हणाले, सुना-जावई काय म्हणतील. शेवटी दाव्यात तडजोड करावी तसे एक नाव ठरले, ते ऐकायलाही भारदस्त आहे, आणि संपादक म्हणून मी, ज्याने आयुष्यभर मुलांना पाठभेद शिकवले, ते मुकाट्याने त्या कोऱ्या जागेत भरले. कागद नंतर परिशिष्टातूनही वगळला. पानांची अडचण, असे कारण लिहिले.

स्नोरीला निदान ओडिन सापडला होता, आम्हाला समितीने सुचवलेला माणूस! आणि तरीही मला राग स्वतःचाच येतो, कारण ते नाव छापलेले पाहून क्षणभर बरे वाटले. दिगंबर, हे मी दुसऱ्या कोणाला लिहू शकत नाही. घरात सांगितले तर म्हणतील, डेन्मार्कच्या राजाचे आपल्याला काय. तुला ठाऊक आहे की त्या राजाची गलबतावरची पाठवणी मी चाळिशीनंतरही पाठ म्हणत असे. तिच्या शेवटी कवी सांगतो की तो माल कोणाच्या हाती पडला, हे दरबारातल्या शहाण्यांना आणि शूरांनाही खरेपणाने सांगता येणार नाही. आरंभ ठाऊक नाही आणि शेवटही ठाऊक नाही, आणि दोन्ही ठिकाणी कवीने जागा कोरी सोडली आहे.

मंजूचे लग्न ठरले हे वाचून आनंद झाला, येईनच. वहिनींचा गुडघा कसा आहे? आणि नागपूरच्या घराचे गळणे थांबले का?

छापखान्यात पाने सोमवारी जायची आहेत. माझ्या भाषांतराची निळी वही तुझ्याकडे राहिली आहे. अबोल्यानंतर तू ती परत दिली नाहीस आणि मीही मागितली नाही. पहिल्या पानाच्या समासात तू पेन्सिलीने काही लिहिले होतेस. रविवारी फोन कर आणि ते तेवढे मला वाचून दाखव.

तुझा,
वसंता