दुधातल्या चांगल्या जिवाणूंचीही दखल घ्या

महोदय,

मोहोळ तालुक्यात आमच्या चार म्हशी आहेत. गेल्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर असताना दोनदा आमचं दूध 'नासलं' म्हणून दूध संकलन केंद्रावरून परत आलं. वीस-वीस लिटर ओतून देताना जीव तुटला. दोष शोधत गेले तेव्हा कॅनच्या झाकणाची रबरी रिंग सापडली. आत बोट फिरवलं तर बुळबुळीत थर! आता ती रोज काढून सोड्याच्या गरम पाण्यात धुते, उन्हात वाळवते. कासही धुऊन कोरड्या फडक्यानं पुसते.

पण धारेपासून केंद्रापर्यंतच्या दोन तासांचं काय? दूध ४ अंशांवर आलं की जिवाणूंची वाढ मंदावते; गावात शीतटाकी मात्र नाही.

इथेच चांगल्या जिवाणूंचा विचार व्हावा. विरजणातल्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूचे काही प्रकार निसिन हे जिवाणूंना रोखणारं द्रव्य तयार करतात. ते लिस्टेरिया, स्टॅफिलोकॉकस या आजार पसरवणाऱ्या जिवाणूंना रोखतं, पण ई. कोलाय या जिवाणूवर एकटं फारसं चालत नाही. म्हणजे स्वच्छता आणि उकळणं सुटत नाहीच. तरीही दूध न आंबवता राखण करतील असे जिवाणू जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रांनी आमच्या गोठ्यांत तपासून पाहावेत. दूध द्यायला मी तयार आहे.

– एक दूध उत्पादक, मोहोळ, जि. सोलापूर