माझी गाडी उभी होती, तसंच लिहा

घोडबंदर रोड, ठाणे (प.)
दिनांक: ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटार विमा विभाग

विषय: ३ जुलै २०२५ रोजीच्या एका अपघाताचे दोन दावे करायला लावणे, चुकीचा जबाब लिहून मागणे आणि दावा अडकवून ठेवणे याबाबत तक्रार

महोदय,

३ जुलैला संध्याकाळी सातला दहा कमी असताना वाघबीळ नाक्याला पुलाखालच्या सिग्नलवर माझी गाडी उभी होती. सिग्नल लाल होता. पाऊस पडत होता. गाडी न्यूट्रलला होती, हँडब्रेक ओढलेला होता. समोर हातभर अंतरावर एक रिक्षा, तीही उभी. मागून मालवाहू टेम्पो आला, तो थांबला नाही. त्याच्या धडकेने माझी गाडी पुढे ढकलली गेली आणि रिक्षाच्या मागच्या लोखंडी बंपरवर जाऊन आदळली. घडलं ते एवढंच. हे सुरुवातीलाच लिहिते आहे, कारण आज एकोणचाळीस दिवस झाले, तुमच्याकडच्या एकाही कागदावर हे असं लिहिलेलं मला दिसलेलं नाही.

गाडीत मागच्या सीटवर माझ्या सासूबाई होत्या, वय ७८. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तपासणी करून आम्ही घरी येत होतो. पट्टा लावलेला होता म्हणून मानेला हिसका बसण्यावर निभावलं. ज्या रिक्षाला माझी गाडी लागली, त्याच रिक्षावाल्या दादांनी दार उघडून आईंना हात दिला, पाऊस लागू नये म्हणून आपल्या रिक्षात बसवलं, डोळ्यावरची हिरवी पट्टी सरकली होती ती नीट करायला मला सांगितलं. स्वतःच्या रिक्षाचं मागचं पत्र्याचं अंग चेपलं होतं, ते त्यांनी नंतर पाहिलं. पुढे पोलिसांसमोर त्यांनी काय सांगितलं ते खाली लिहिते. नुकसानीची पाहणी करणाऱ्या तुमच्या सर्व्हेअरना ते वाचावंसं वाटलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नाक्यावरच्या वाहतूक हवालदारांनी टेम्पोचा नंबर आणि चालकाचं लायसन पाहून घेतलं. टेम्पोच्या विम्याच्या कागदाचा फोटो मी तिथेच काढला. त्याच रात्री पोलीस ठाण्यात स्टेशन डायरीला नोंद झाली, दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. टेम्पोचालकाने ब्रेक लागला नाही असं स्वतः सांगितलं. रिक्षाचालकांनी जबाबात सांगितलं की मागची गाडी आपल्या पाठीमागे थांबलेलीच होती, आधी मागे मोठा आवाज झाला आणि मग आपल्याला धक्का बसला. तुमच्या टोल-फ्री नंबरवर मी रात्री साडेआठला कळवलं होतं आणि दावा क्रमांकाचा मेसेज आठ चाळीसला आला. म्हणजे माझ्या बाजूने जे करायचं होतं ते दोन तासांच्या आत झालं होतं.

विमा नियामकाने २०२४ साली काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत घ्यायचा आणि अहवाल हातात आल्यावर ७ दिवसांत निर्णय द्यायचा. गाडी ४ जुलैलाच तुमच्या कॅशलेस यादीतल्या वर्कशॉपमध्ये पोचली. सर्व्हेअर आले ९ तारखेला. आले, दहा-बारा मिनिटं थांबले, मागून आणि पुढून फोटो काढले. मी शाळेच्या कार्यालयातून अर्धी रजा टाकून तिथे गेले होते. पंचनाम्याची प्रत पुढे केली तर म्हणाले, व्हॉट्सअॅपवर पाठवा. मी ती लगेच पाठवली. तिच्यावर दोन निळ्या खुणा आल्या, पण उत्तर आलं नाही.

१५ जुलैला वर्कशॉपच्या क्लेम विभागातून फोन आला की कंपनी पुढचं आणि मागचं नुकसान एका दाव्यात घेत नाहीये, तुम्हाला दोन क्लेम टाकावे लागतील. मी विचारलं, का? तर सर्व्हेअरचं म्हणणं असं की हँडब्रेक लावलेला असता तर गाडी पुढे गेलीच नसती, म्हणून पुढचा मार जुना असणार, नाहीतर तुम्ही आधी रिक्षाला ठोकलं असणार.

यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळा दावा याच एका वाक्यावर अडला आहे.

माझ्या गाडीचा हँडब्रेक फक्त मागची दोन चाकं धरतो. रस्ता ओला होता. मेट्रोच्या कामामुळे त्या पट्ट्यात माती आणि खडी नेहमीच पसरलेली असते. टेम्पो मालाने भरलेला होता. माझी छोटी हॅचबॅक त्याच्यापुढे काय टिकणार? हातभर पुढे सरकायला वेग लागत नाही, वजन पुरतं. दुसरं म्हणजे मार कुठे आहे ते पाहा. पुढच्या बंपरवर आणि ग्रिलवर आडवी खोक आहे, ती रिक्षाच्या लोखंडी बंपरच्या उंचीशी जुळते, आणि त्या खोकेत रिक्षाचा काळा रंग लागलेला आहे. मी फूटपट्टी लावून दोन्ही उंची मोजल्या, त्याचेही फोटो काढले. आणि तिसरं, ज्याच्यापुढे खरं तर बाकी काही सांगायची गरजच नाही: ६ वाजून ५२ मिनिटांचा माझ्या फोनमधला फोटो. त्यात टेम्पोचं तोंड माझ्या डिकीत रुतलेलं आहे, माझं बॉनेट रिक्षाला टेकलेलं आहे आणि हेडलाइटच्या काचेचे तुकडे रिक्षाखाली ओल्या रस्त्यावर पडलेले आहेत. तीन वाहनं एकमेकांना चिकटलेली, एकाच चौकटीत. जुना मार असता तर काचा त्या दिवशी तिथे कशा पडल्या असत्या? हा फोटो दावा नोंदवल्यापासून तुमच्या अॅपवर चढवलेला आहे.

१९ जुलैला याहून वाईट झालं. मला व्हॉट्सअॅपवर टाइप केलेला मजकूर आला आणि सांगितलं की हा कागदावर उतरवून सही करा, म्हणजे फाइल पुढे सरकेल. त्यातलं वाक्य जसंच्या तसं देते: ‘पाऊस असल्यामुळे मला ब्रेक वेळेत लावता आला नाही व माझी गाडी पुढील रिक्षास धडकली.’ हा पहिल्या दाव्यासाठी. त्यावर तारीख १ जुलै घालायची. दुसऱ्या दाव्यासाठी मागून टेम्पोने ठोकल्याचं वेगळं निवेदन, तारीख ३ जुलै. १ जुलैला माझी गाडी दिवसभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती.

मी सही केली नाही आणि करणार नाही.

मी एका शाळेच्या कार्यालयात चोवीस वर्षं लिपिक आहे. जनरल रजिस्टरमध्ये मुलाची जन्मतारीख एकदा चुकीची पडली की दाखल्यावर तीच येते, दहावीच्या प्रमाणपत्रावर तीच, आणि मग तो मुलगा चाळिशीत पासपोर्टसाठी आमच्याकडे रडकुंडीला येऊन उभा राहतो. नोंद दुरुस्त करून घ्यायला काय काय करावं लागतं ते मी रोज पाहते. म्हणून कोणी सहज म्हटलं की ‘मॅडम, फक्त फॉरमॅलिटी आहे, सगळेच करतात’, तर मला ते सहज घेता येत नाही.

त्या सहीचा अर्थ काय झाला असता? रिक्षाला मी ठोकलं, हे माझ्याच अक्षरात कबूल झालं असतं. मग रिक्षाच्या नुकसानीची भरपाई, जी टेम्पोच्या थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीसाठीच्या, विम्यातून मिळायला हवी, ती माझ्याकडे वळली असती आणि टेम्पोवाला मोकळा सुटला असता. पोलिसांच्या पंचनाम्यात एक आणि विमा कंपनीकडे दुसरंच, असं झालं असतं. आणि क्लेम फॉर्मवर सहीच्या जागेच्या वरच छापलेलं आहे की माहिती खोटी आढळली तर दावा फेटाळला जाईल. म्हणजे तुमच्याच माणसांनी सांगितलेलं खोटं मी लिहायचं आणि उद्या त्याच खोट्यासाठी तुम्ही मला दारात उभं करायचं नाही.

पैशांचंही सांगते. ही गाडी सप्टेंबर २०२१ ची. चार वर्षांत मी एक रुपयाचाही दावा केलेला नाही. सध्या मला ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात सूट, मिळतो आहे, येत्या सप्टेंबरच्या नूतनीकरणाला तो ४५ टक्के व्हायचा होता. चूक दुसऱ्याची असली तरी स्वतःच्या पॉलिसीवर दावा केला की बोनस जातो, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच जादा हप्ता भरून मी बोनस संरक्षणाचं अॅड-ऑन घेतलं. माझ्या पॉलिसीत ते वर्षाला एकाच दाव्यापुरतं आहे. एकाचे दोन दावे केले की ते संरक्षण संपतं. दर दाव्याला मी स्वतः सोसायची सक्तीची १,००० रुपयांची वजावट दोनदा लागते ती वेगळीच. म्हणजे ‘फक्त दोन फॉर्म भरा’ या सांगण्यामागे माझं पुढच्या काही वर्षांचं नुकसान आहे, आणि हे फोनवर मला कोणी सांगितलं नाही. पॉलिसीची पानं मी रात्री बसून वाचली तेव्हा कळलं.

वर्कशॉपचं एस्टिमेट १,१८,४०० रुपयांचं आहे. त्यात डिकी, मागचा बंपर, टेललाइट वगैरे मिळून ७१,६०० आणि पुढचा बंपर, ग्रिल, हेडलाइट, कंडेन्सर मिळून ४६,८०० रुपये. ३० जुलैच्या ईमेलमध्ये तुम्ही फक्त मागचा भाग मान्य केलात. पुढच्यासाठी एकच ओळ आहे: ‘सदर नुकसान कळविलेल्या अपघाताशी सुसंगत नाही.’ का सुसंगत नाही, कशावरून, पंचनामा वाचला का, फोटो पाहिला का, यातलं काहीही नाही. सर्व्हेअरचा अहवाल मी तीनदा मागितला आहे. तो अजून मिळालेला नाही.

तुमच्या कॉल सेंटरवरच्या एका मुलीने मला सल्ला दिला की पुढचं नुकसान तुम्ही टेम्पोवाल्याकडून घ्या. ती बिचारी कागदावरचं वाचत असावी, तिच्यावर माझा राग नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं आणि थर्ड पार्टी विम्यात मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं, हे मला माहीत आहे. पण तारखा घालत बसावं लागू नये म्हणूनच मी ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता दरवर्षी मुदतीच्या आत भरते. मला भरपाई दिल्यावर ती टेम्पोच्या कंपनीकडून वसूल करण्याचा हक्क तुमच्याकडे येतो. त्यासाठी लागणारा टेम्पोचा नंबर, विम्याचा कागद, पंचनामा, चालकाचा कबुलीजबाब, सगळं मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दिलेलं आहे. दोन कंपन्यांनी आपापसात पाहायचं ते पाहावं. त्यात उभ्या गाडीतल्या माणसाला चालत्या गाडीतला करू नये.

दरम्यान गाडी वर्कशॉपमध्ये तशीच पडून आहे. डिकीवर प्लास्टिक बांधलं आहे, त्यातून पाणी आत जातं आहे. जागेचं भाडं लावू असं वर्कशॉपवाले आता सांगू लागले आहेत. आईंना डोळ्यांच्या तपासणीला मी पावसात रिक्षाने नेते. घोडबंदरला संध्याकाळी रिक्षा मिळायला किती वेळ उभं राहावं लागतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. त्या खर्चाची भरपाई मी मागत नाही, पॉलिसीत ती नाही. पण सिग्नलला मागे मोठा ब्रेक वाजला की आई अजून माझा दंड घट्ट धरतात, आणि परवा त्यांनी मला विचारलं, ‘अगं, आपली चूक नव्हती ना?’ कंपनीच्या फोनवर मी काय बोलते ते त्या ऐकत असतात. त्यांना असा प्रश्न पडावा, हे मला सहन झालं नाही, आणि त्याच रात्री हे पत्र लिहायला घेतलं.

माझी मागणी स्पष्ट आहे. ३ जुलैच्या घटनेची एकच दावा म्हणून नोंद ठेवावी आणि पुढच्या व मागच्या, दोन्ही बाजूंच्या दुरुस्तीला एकाच वजावटीवर मंजुरी द्यावी. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मला लेखी द्यावी. त्यांचं मत बदलत नसेल तर दुसरा सर्व्हेअर नेमून माझ्या आणि वर्कशॉपच्या उपस्थितीत पुन्हा पाहणी करावी, आणि त्या वेळी पंचनामा व ६.५२ चा फोटो समोर ठेवावा. बोनस संरक्षण एकाच दाव्याच्या हिशेबाने कायम असल्याचं नूतनीकरणाआधी लेखी कळवावं. तुमच्याकडून झालेल्या उशिराबद्दल नियमाप्रमाणे बँक रेटपेक्षा २ टक्के जादा दराने व्याज द्यावं. आणि १९ जुलैचा तो मजकूर मला कोणाच्या सांगण्यावरून पाठवला गेला, याची चौकशी करून उत्तर द्यावं. त्या मेसेजचे स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळेसह या पत्राला जोडले आहेत. ज्या मुलाने तो पाठवला त्याची नोकरी जावी अशी माझी इच्छा नाही. त्याला तसं पाठवायला कोणी शिकवलं, ते मला हवं आहे.

तक्रारीला १४ दिवसांत उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक आहे, त्या हिशेबाने मी २५ ऑगस्टपर्यंत वाट पाहीन. हेच पत्र नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही आज नोंदवते आहे. महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही तर मी विमा लोकपालांकडे जाईन. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि कागद मी लावून ठेवले आहेत. रिक्षावाल्या दादांना मी फोन करून विचारलं, तुमचं नाव पुन्हा द्यावं लागलं तर चालेल का. ते म्हणाले, ‘ताई, जे झालं तेच सांगायचंय ना, बोलवा कधीही.’

आपली,
पॉलिसीधारक
(पॉलिसी क्रमांक व दावा क्रमांक लिफाफ्यातील पहिल्या पानावर दिला आहे.)