माझ्या मुलीला निवडू दिल्याबद्दल: तिच्या बाईंना खुले पत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

माझी मुलगी स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, ती मोजके शब्द बोलते आणि गेल्या वर्षी तिला पाळी सुरू झाली. या तिन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजी आणि कीव दोन्ही उमटतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. आपण मात्र तिच्या अंगात बदल दिसू लागताच मला शाळेत बोलावून घेतलेत आणि हाताशी वेळ आहे तोवर तयारीला लागू, एवढेच म्हणालात. त्या तयारीबद्दल मला आपले मनापासून आभार मानायचे आहेत. हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण अशा मुलींच्या आयांना ही माहिती सहसा कोणी देत नाही.

त्या दिवसांत घरातली वडीलधारी माणसे मला ‘पिशवी काढून टाक, म्हणजे कटकट संपेल’ असे सांगत होती आणि एका डॉक्टरांनीही तोच पर्याय सहज सुचवला होता. आपण मला १९९४ सालची हकिगत सांगितलीत: शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली, त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही असे कारण देण्यात आले आणि त्याविरुद्ध स्त्री संघटना उभ्या राहिल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे दहावे कलमही आपण मला वाचून दाखवलेत. दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या, माहिती घेऊन दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले. घरी आल्यावर मी तो विषय कायमचा बंद केला.

त्यानंतर आपण वर्गातल्या टेबलावर जे मांडलेत ते मला आजही लख्ख आठवते. जाळीदार वरच्या थराचे पॅड, कापसासारख्या मऊ थराचे पॅड, पंख असलेले आणि नसलेले, एक सुगंधी, एक बटणे लावलेले सुती कापडी पॅड आणि एक पीरियड पँटी, म्हणजे पाळीचे रक्त शोषून घेणारी निकर. कोणते चांगले हे मला विचारण्याऐवजी आपण तिला खुर्चीवर बसवलेत आणि सगळ्या वस्तू तिच्या हाती दिल्यात. वेष्टनाचा कुरकुर आवाज येताच तिने कान झाकले. सुगंधी पॅड तिने नाकाजवळ नेले आणि लगेच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ढकलले. जाळीचा पृष्ठभाग बोटाने खरवडून पाहिला आणि तोही दूर सारला. कापसासारखे मऊ पॅड मात्र तिने गालावर फिरवले, पुन्हा फिरवले आणि पीरियड पँटी तर उचलून थेट स्वतःच्या दप्तरात घातली. ज्या मुलीच्या प्रत्येक गोष्टीचा निर्णय आम्ही मोठी माणसे घेत आलो, तिने स्वतःच्या शरीरासाठी काय हवे ते इतके स्पष्ट सांगितले. ते सांगता येईल अशी सोय आपण केलीत, याचे मोल मला शब्दांत मांडता येत नाही.

त्या निवडीप्रमाणेच आजही चालते. घरी आणि रात्री पीरियड पँटी, कारण चिकटवण्याची पायरीच नाही आणि ती रोजच्या निकरसारखीच दिसते. पँटी महाग पडते आणि नीट धुवावी लागते, म्हणून शाळेत मऊ पॅड. शरीराच्या आत घालायचे टॅम्पॉन आणि कप सध्या नकोत, हेही आपण तेव्हाच स्पष्ट केलेत: टॅम्पॉन आठ तासांहून अधिक काळ आत राहता कामा नये आणि तो आत आहे याची आठवण ही मुलगी करून देईलच असे नाही. तिच्या आजीने पुढे केलेल्या जुन्या सुती लुगड्याच्या घड्यांनाही आपण नाक मुरडले नाहीत. कापड साबणाने धुऊन कडक उन्हात, उघड्यावर वाळवले तर त्यात काही वावगे नाही, हे आपण आजींना समजावलेत, त्यामुळे त्याही आमच्या बाजूला आल्या.

सरावासाठी जनऔषधी केंद्रातून एक रुपयाला एक मिळणारी ‘सुविधा’ पॅड आणायला आपण सांगितलेत, म्हणजे कितीही वाया गेली तरी जिवाला लागू नये. निकरच्या आतल्या बाजूला पॅडची बाह्यरेषा मार्करने आखून दिलीत, त्यामुळे ते कुठे चिकटवायचे हे तिला बघताच समजते. पॅडवर बीटाचे पाणी शिंपडून लाल डागाची तिला आधीच ओळख करून दिलीत. प्रत्यक्ष रक्त दिसले तेव्हा तिने फक्त माझा हात धरला आणि मला मोरीच्या दाराकडे नेले, जिथे आपण काढून दिलेली चित्रे ओळीने चिकटवलेली आहेत. ओले झाले हे ती सांगत नाही, म्हणून साधारण चार तासांनी, घड्याळावर, बदलायचे हा नियम आपण घातलात. शाळेत मधल्या सुट्टीत मावशींनी तिच्यासोबत जायचे, दार लावून घ्यायचे आणि तिच्या हाताने होईल तेवढे तिलाच करू द्यायचे, हेही आपण मावशींना नीट शिकवलेत.

वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने रुजवली, ती आपण आमच्या घरी आणलीत. कचरा वेगळा करणाऱ्या ताईंना त्यात काय आहे ते न उघडता कळते. आमच्याकडे ठिपका काढण्याचा मान फक्त तिचा असतो. स्केचपेन दुसऱ्या कोणी उचललेले तिला अजिबात चालत नाही.

सर्वांत मोठे ऋण मात्र पोटदुखीच्या कार्डाचे आहे. पाळीच्या आधी ती हात चावून घेत असे आणि त्याला सगळे ‘हट्ट’ म्हणत. ते दुखणे असू शकते, ही शंका प्रथम आपल्याला आली. पोटावर हात ठेवलेल्या मुलीचे ते कार्ड आता ती स्वतः आणून देते, मी गरम पाण्याची पिशवी देते आणि चावण्याचे प्रमाण फार कमी झाले आहे.

लहान गटातील मुलींच्या आयांसाठी आपण बैठक घेणार आहात असे मावशींकडून समजले. टेबलावर मांडायला लागतील त्या सगळ्या वस्तू मी घेऊन येईन, आखलेली निकर आणि चित्रांचा संचही आणीन. दिवस आणि वेळ तेवढी कळवावी.

आपली कृतज्ञ,
एका विद्यार्थिनीची आई